कुलपातला फोन आणि एक लादी बर्फ

आमच्या घरच्या फोनची किल्ली मामाजींच्या करगोट्याला बांधलेली असायची. मामाजी म्हणजे माझे सासरे. फोन करायचा झाला की ते आधी सदरा वर करायचे, मग पोट आत ओढायचे आणि मग वाकून किल्ली कुलपाला लावायचे. करगोटा आखूड होता, त्यामुळे दर फोनला मामाजींचं पोट आणि फोनचं स्टूल यांची गळाभेट व्हायची. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघायची आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची.

मामाजींची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती तेव्हा त्यांनी फोनसाठी अर्ज केला होता. पुढे टाल बंद झाली, टालीच्या जागेवर दुसऱ्या कोणाचं गोदाम उभं राहिलं, माझं लग्न होऊन मी घरात आले, आम्ही सगळे नागपूरच्या नंदनवन वस्तीत नव्या घरात राहायला आलो, आणि मग एके दिवशी फोन आला. आता मामाजींना फोन करण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. एक जुना टालवाला मित्र तेवढा होता. तरी ते रोज सकाळी फोन पुसायचे. रविवारी रिसीव्हरला अत्तराचा बोळा फिरवायचे. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलं. आळीतल्या बाया फोन करायला येऊ लागल्या तसं मामाजींनी चक्रीच्या एका भोकात छोटं पितळी कुलूप अडकवलं.

"फिरवून फिरवून चक्री ढिली होते," ते म्हणाले. "मशीन आहे ते. जातं नाही."

घरात आम्ही चौघं. आमचे 'हे' सकाळी कंपनीच्या बसनं हिंगण्याला जायचे ते संध्याकाळीच परत. दिवसभर मामाजी, आत्याबाई आणि मी. मी बोलायची कमीच. परक्या माणसापुढे माझा आवाज गळ्याच्या खालीच बसून राहतो. आजही तसंच आहे, म्हणून तर लिहून काढते आहे.

माझी धाकटी बहीण शहराच्या महाल भागात दिलेली. नंदनवनातून महाल सायकल रिक्षानं वीस मिनिटं. पण सुनेला ही वीस मिनिटं सणावारीच मिळायची. तिचे सासरे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, दवाखान्यात फोन, आणि औषधाच्या लिफाफ्यावर त्या फोनचा नंबर छापलेला. असा एक लिफाफा मी मसाल्याच्या डब्याखाली अंथरून ठेवला होता. कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी बहिणीला पुन्हा दिवस गेले. आधीचं सहाव्या महिन्यात गेलं होतं. या वेळी तिला बरीचशी विश्रांती सांगितली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, दिवसभर कोणी न कोणी असते वं. पण दुपारी घर निजलं की मले भेव वाटते. पोटाले हात लावून नुसती बसून राहते. जेवण जात नाही." एवढ्यात चहा आला, आम्ही दुसरं काही बोललो. रिक्षात बसून घरी येताना मात्र तिचा हात माझ्या हातावर तसाच असल्यासारखा वाटत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचा फोन मुका झाला. लाईनमन आला त्या दिवशी मामाजी कोणाच्या तरी दहाव्याला गेले होते. त्यानं तार जोडली, रिसीव्हर उचलला आणि कुलूप पाहिलं.

"किल्ली कुठं आहे माय?"

"मालकाच्या कमरेले," आत्याबाई म्हणाल्या.

तो हसला. मग त्यानं काय केलं, तर रिसीव्हर ठेवायच्या जागी जी दोन पांढरी बटणं असतात ती बोटानं भराभर ठोकली. टक टक टक. जरा थांबला. टक टक. पुन्हा थांबला. आणि बोलू लागला, "हां, नंदनवनातून बोलून राहिलो. लाईन साफ आहे."

मी पडद्याआड उभी होते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण मोजण्यात मला कोणी हरवलं नव्हतं. तिनासाठी तीन ठोके. दोनासाठी दोन. शून्यासाठी दहा. कुलूप चक्रीला होतं, बटणांना नव्हतं! हे कळलं आणि माझ्या हातातली कणकेची परात खाली पडली. आत्याबाई म्हणाल्या, "परात काहून पाडली वं?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोन वाजता मामाजी आणि आत्याबाई मागच्या खोलीत झोपले होते. मी क्रोशाचं झाकण उचललं. ठोके मारताना आतली घंटी बारीक टिणटिण करायची, म्हणून फोनवर उशी दाबली आणि उशीखाली हात घालून ठोकायला लागले. पाच आकडे. शेवटचा नऊ. पलीकडे घंटी गेली आणि बहिणीचा आवाज आला, "डॉक्टर घरी नाहीत."

"मले डॉक्टर नाही पाहिजे," मी म्हणाले.

ती एवढी किंचाळली की मी घाबरून फोनच ठेवला. मग पुन्हा सगळे ठोके मारले. मग दोघी काही न बोलता नुसत्या हसत राहिलो. फोनवर हसणं कानाला गुदगुल्या करतं हे मला तेव्हाच कळलं.

तेव्हापासून रोज दोन वाजता. ती दवाखान्यात पेशंटच्या बाकावर आडवी व्हायची, पोटावर ताट ठेवायची आणि मी सांगायची तसा एकेक घास खायची. "खाल्ला?" "खाल्ला." "दाखव." "फोनवर कसा दाखवू?" "चावल्याचा आवाज कर." ती कच्चा कांदा कुर्रकन चावायची. मामाजींचं पोट आणि स्टूल यांची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिला हसून हसून ठसका लागला आणि मलाच भीती वाटली. तिनं मामाजींचं नाव 'कुलूपवाले' ठेवलं. एखाद्या दिवशी माझा फोन उशिरा गेला तर ती आधी काही बोलायची नाही, फक्त श्वास ऐकू यायचा. म्हणून मी उशीर करत नसे.

अडचण एकच होती. नवाच्या जागी दहा ठोके पडले की फोन बर्फाच्या कारखान्यात लागायचा. दर चार-पाच दिवसांनी माझं बोट एक ठोका जास्त मारायचं आणि एक जाडा आवाज यायचा, "हां, बर्फ!" मी रिसीव्हर असा ठेवायची, जसा तो बर्फ माझ्याच हाताला लागला.

मग मामाजींचा तो टालवाला मित्र घरी आला आणि म्हणाला, "तुमचा फोन दुपारी लागतच नाही गा. पाहावं तेव्हा एंगेज."

"आमचा फोन? दुपारी?" मामाजी उठून उभे राहिले. "दुपारी तर तो कुलपात असते!"

त्या दिवसापासून घरात तपास सुरू झाला. मामाजींनी तार दारापासून खांबापर्यंत बोटानं चाचपली. अंगणातल्या शेवग्याची फांदी तारेला घासते म्हणून ती तोडली. आम्ही आठवडाभर शेंगांचं पिठलं खाल्लं. फोन तसाच. मग छोटं कुलूप काढून दुसरं आणलं, ते चक्रीत मावेना, म्हणून तिसरं आणलं. मी नवीन कुलपाला मनात नमस्कार केला आणि दोन वाजता बटणं ठोकली.

लाईनमनला पुन्हा बोलावलं. त्यानं रिसीव्हर कानाला लावला, बटणं दाबून पाहिली. ती एव्हाना गुळगुळीत झाली होती. त्यानं पडद्याकडे एक नजर टाकली. मी पडद्यामागे आणखी सरकले.

"लाईन फर्स्टक्लास आहे जी," तो मामाजींना म्हणाला. "लूज असेल तर घरातच असेल कुठं."

"घरात काय लूज असणार?" मामाजी म्हणाले. "खांबावरून कोणी तार जोडून घेतली आहे आमच्या लाईनीवर. चोरून बोलून राहिलं कोणी तरी. मी पकडतो त्याले."

आणि ते पकडायला बसले. भर उन्हात, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, मांडीवर काठी घेऊन, शेवग्याखाली खुर्ची टाकून, नजर खांबावर. दोन ते तीन. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. ते बाहेर चोराची वाट पाहत बसायचे आणि मी आत उशीखाली हात घालून ठोके मोजायची.

"कुलूपवाले कुठं आहेत?" बहीण विचारायची.

"खांबावर लक्ष ठेवून राहिले."

"कोण चढलं खांबावर?"

"आजून कोणी नाही. एक कावळा बसला, त्याले काठी दाखवली."

ती हसायची आणि घास खायची. तिला सातवा लागला, मग आठवा. सहावा कधी मागे पडला ते आम्ही दोघींनी मुद्दाम उच्चारलं नाही.

मग तो दिवस आला. आत्याबाईंना उशिरा डोळा लागला, मी फोनपाशी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. घाईत घामानं बोट घसरलं आणि दहा ठोके पडले.

"हां, बर्फ!" मग तो आवाज चढला. "कोण आहे? बोला! दर चार दिवसानं दुपारी फोन करता अन् खटकन ठेवून देता. आज ठेवला तर एक्सचेंजले सांगून नंबर काढतो. मग पाहतो कोणाचं घर आहे ते!"

नंबर काढला तर घर कळेल, घर कळलं तर मामाजी, मामाजी म्हणजे फोन बंद, आणि बहिणीचा तर आठवा चालू. शेवटी तोंडातून निघालं, "एक लादी पाठवा."

"आं? हां. असं बोला न बाई मग. कुठं पाठवू?"

"नंदनवनात."

"कोणाच्या घरी? नाव?"

आता आली पंचाईत. सासऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. ह्यांचंही नाव उखाण्याशिवाय नाही, आणि बर्फवाल्याला काय उखाणा घालू? आडनाव सांगितलं असतं, पण घाबरल्यावर सुचलं नाही. शिवाय आमच्या आळीत त्या आडनावाची तीन घरं.

"शेवग्याच्या झाडाचं घर," मी म्हणाले. "पहिले लाकडाची टाल होती त्यांची... ते. फोनवाले."

"नाव सांगा न बाई!"

"नाव घेता येत नाही."

तो जाडा आवाज खदाखदा हसला. "अच्छा! सूनबाई आहे काय! पाठवतो, पाठवतो."

मी फोन ठेवला. बाहेर मामाजी खुर्चीवरून उठले, तीन वाजले होते. बहिणीला करायचा दोनचा फोन राहूनच गेला.

चार वाजता हातगाडी आली. भुशात लोळवलेली, पोत्यात गुंडाळलेली, माझ्या कमरेएवढी लादी. गाडीवाल्यानं ती अंगणात उतरवली आणि अंगणाला धार लागली.

"आम्ही बर्फ नाही मागवला," मामाजी म्हणाले.

"फोनवर मागवला जी."

"फोन? फोनले कुलूप आहे!" मामाजींनी तिथेच, सगळ्या आळीदेखत, सदरा वर करून किल्ली दाखवली. "हे पाह्य. किल्ली माझ्यापाशी. मग फोन कोणी केला?"

"बाई होती म्हणे, आमच्या मालकानं सांगितलं. नाव नाही सांगितलं तिनं. म्हणे, नाव घेता येत नाही. शेवग्याचं झाड, लाकडाची टाल, फोनवाले. मी विचारत विचारत आलो."

मामाजींनी सदरा तसाच वर धरलेला. मी दाराआडून पाहत होते. कुंपणापाशी जमलेल्या शेजारणी आमच्या दाराकडे बघू लागल्या, कारण गणित सोपं होतं. साऱ्या नागपुरात मामाजींचं नाव न घेणाऱ्या बायका दोनच, आणि त्या दोघी याच घरात राहत होत्या.

मामाजी हळूहळू दाराकडे वळले. तेवढ्यात आत्याबाई मला कोपरानं बाजूला सारून बाहेर आल्या.

"मीच मागवला," त्या म्हणाल्या. "ऊन काय पडून राहिलं! माणसानं काय वाळून मरावं?"

"तू? कुलूप असताना?"

"मंग? तुमच्या कुलपाले भेते काय मी?"

"करून दाखव."

आत्याबाई तरातरा आत गेल्या. झाकण फेकलं, रिसीव्हर उचलला, बोलायचं टोक कानाला अन् ऐकायचं टोक तोंडाला लावलं, आणि ओरडल्या, "हॅलो! बर्फ!"

"उलटा धरला," मामाजी म्हणाले.

"उलटाच धरत असते मी!"

मला एकदम हसू आलं. इतकं भ्यायलेली असूनही आलं. ते हसू पदरात मावलं नाही, मोठ्यानं बाहेर पडलं आणि मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. आता लपायला काही उरलं नाही. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला, आत्याबाईंच्या हातून रिसीव्हर घेतला आणि ठोकायला लागले. मामाजी वाकून बोटाकडे बघत होते. त्यांचे ओठ मोजत होते. शेवटचे नऊ आम्ही दोघांनी मिळून मोजले.

पलीकडे एक घंटी पुरी झाली नाही तोच फोन उचलला गेला. बहीण फोनपाशीच बसलेली.

"ताई! कुठं होती वं? दोन वाजून गेले, तीन वाजून गेले! कुलूपवाल्यानं पकडलं काय तुले? मी इकडे रडून राहिली, मले वाटलं आज काही तरी वाईट होते, घासबी नाही गेला..."

तिचा आवाज असा की रिसीव्हर बादलीत ठेवला तरी ऐकू यावा. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. आत्याबाईंना आठवा माहीत होता, आधीचंही माहीत होतं. मामाजींनाही. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"कुलूपवालाच बोलून राहिलो, बेटा," ते म्हणाले. "रडू नोको."

पलीकडे धाडकन काही पडलं.

"कटली," मामाजी म्हणाले आणि रिसीव्हरकडे बघत उभे राहिले. मला वाटतं, त्या फोनवर त्यांच्याशी बोलताना कोणी एवढं दचकलं नव्हतं. मग ते माझ्याकडे न बघता आत्याबाईंना म्हणाले, "पुन्हा लावायले सांग. जेवली काय ते विचारायले सांग." आणि लगेच, "थांब थांब. ठोकून ठोकून बटणं बसून जातील. मशीन आहे ते."

त्यांनी सदरा वर केला, पोट आत ओढलं, स्टुलाला भिडले आणि कुलूप काढलं.

अंगणात तोवर आत्याबाईंनी बत्त्यानं लादी फोडायला घेतली होती. आळीतल्या बाया पातेली घेऊन आल्या. बर्फाचा एक खडा तोंडात धरून मी बहिणीशी बोलले, तिनं कुर्रकन कांदा चावला, मी कुर्रकन बर्फ चावला, आणि मामाजी दारात गाडीवाल्याला खांब दाखवून सांगत होते, "मी महिनाभर तिकडे पाहून राहिलो गा!"

त्यानंतर रोज दोनला पाच मिनिटं असताना मामाजी कुलूप काढून द्यायचे आणि शेवग्याखाली जाऊन बसायचे, पाठ घराकडे करून. तीन वाजता पुन्हा कुलूप. कुलूप काही त्यांनी सोडलं नाही. मला मात्र चक्री फिरवता येत नव्हती. पहिल्याच दिवशी नवाच्या शेजारच्या शून्यात बोट गेलं.

"हां, बर्फ!"

मी ठेवणारच होते. पण मग म्हणाले, "राँग नंबर, भाऊ."

"कोण, सूनबाई काय?" तो म्हणाला. "बर्फ चांगला निघाला न?"

"चांगला होता," मी म्हणाले. परक्या पुरुषाशी माझं हे बहुतेक पहिलंच पूर्ण बोलणं.

नवव्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला. मामाजींनीच उचलला. "हो... हो... काय? मोठ्यानं बोला!" असं म्हणत ते स्वतःच मोठ्यानं बोलत होते. मग रिसीव्हर छातीशी धरून ओरडले, "पोरगी झाली! दोघी खुशाल! वजनबी चांगलं आहे!" आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी परातीवर हात ठेवून तिथेच खाली बसले आणि हसत होते की रडत होते ते त्या परातीलाच माहीत.

"सगळ्या आळीले सरबत पाजू," मामाजी म्हणाले. त्यांनी कुलूप काढलं आणि ऐटीत चक्री फिरवली. नंबर मी सांगितला, शेवटी शून्य.

"हां, बर्फ? एक लादी पाठवा नंदनवनात. लिहून घ्या नाव." मामाजींनी छाती फुगवून आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मी सवयीनं कानावर पदर ओढला.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मामाजींचा चेहरा पडला.

"काय म्हणते?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हणते, नाव कशाले जी? शेवग्याचं झाड अन् फोनवाले ना? तो पत्ता पाठ आहे म्हणते."